टेक्सासच्या गारठ्यात करपलेले पाम : तोडायचे की थांबायचं?

गवतफूल (केटी, ह्यूस्टनजवळ) | २३ फेब्रुवारी २०२१

वीज परत आली, फुटलेला पाइप जोडून झाला, आता कुठे मागच्या अंगणात जाऊन नीट बघितलं. १६ तारखेला ह्यूस्टनच्या विमानतळावर १३ अंश फॅरनहाइट होतं, म्हणजे उणे साडेदहा सेल्सियस. आमच्याकडेही तेवढंच असणार.

पोहायच्या पूलपाशी दोन क्वीन पाम आहेत, त्यांच्या झावळ्या पार वाळून पिवळट पडल्यात. पुढच्या दारी उंच वॉशिंग्टोनिया, तो तपकिरी. एक सिल्व्हेस्टर आहे. सासऱ्यांनी तो बघताक्षणी ओळखला होता, "ही तर आपली शिंदी!" तिची बाहेरची पानं करपलीत, मध्ये थोडं हिरवं दिसतंय. शिवाय कुंडीतले पिग्मी डेट आणि कुंपणाशी सॅगो पामची रांग.

कालपासून झाडं तोडणारे दारावर येतायत. "सगळे मेलेत, आत्ता काढून घ्या, नंतर महाग पडेल" असं प्रत्येक जण सांगतो. खरंच मेलेत का, हे ओळखायचं कसं? माझा जीव आहे या झाडांत. जाणकारांनी कृपया सांगा.

ऊनसावली (ऑर्लँडो) | २३ फेब्रुवारी २०२१

गवतफूल, आज काहीही तोडू नका. मी इथे नर्सरीच्या धंद्यात आहे आणि दर कडक थंडीनंतर हाच प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आंबा किंवा ओक करपला तर खाली कुठून तरी नवी फूट येते. क्वीन, वॉशिंग्टोनिया, शिंदी यांसारख्या एकखोडी पामला ती सोय नाही. त्याचा वाढीचा बिंदू एकच, आणि तो शेंड्याच्या आत, झावळ्यांच्या देठांच्या बुडाशी दडलेला असतो. पुढे येणारं प्रत्येक पान तिथेच तयार होतं. तो बिंदू जिवंत असेल तर वरची एकूण एक झावळी वाळली तरी झाड परत येऊ शकतं. तो मेला असेल तर खालची पानं हिरवी दिसत असली तरी झाड गेलं. म्हणून पानांच्या रंगावरून निकाल देता येत नाही. दारावर येणारा माणूस रस्त्यावरून बघून "मेलंय" म्हणतो, त्याला आतलं काही दिसलेलं नसतं.

दुसरं, वाळलेल्या झावळ्यासुद्धा आत्ता उपयोगाच्या आहेत. शेंड्याभोवती त्यांचं पांघरूण राहू दे. मार्चच्या मध्यापर्यंत पुन्हा गारठा पडू शकतो, आणि पहिल्या माराने अशक्त झालेल्या कोंबाला दुसरा मार सोसत नाही. ज्या पानात थोडाही हिरवा भाग आहे ते तर मुळीच कापू नका. झाड त्यातूनच अन्न आणि पोटॅश ओढून घेतं.

आत्ता करायचं एवढंच : मधला न उघडलेला, भाल्यासारखा सरळ उभा कोंब हाताशी येत असेल तर धरून हलकेच ओढून बघा. घट्ट असेल तर उत्तम लक्षण. ओढल्यावर हातात आला तर इथे लिहा, पुढचं सांगतो.

झुळूक (ऑस्टिन) | २४ फेब्रुवारी २०२१

मी आत्ताच जाऊन ओढून बघितला, माझ्या छोट्या मेडिटेरेनियन फॅन पामचा कोंब सरळ हातात आला. बुडाशी तपकिरी, चिकट, आणि घाण वास. आमच्याकडे ह्यूस्टनपेक्षा थंडी जास्त होती आणि कित्येक दिवस बर्फ वितळलाच नाही. म्हणजे संपलं का?

झाडाभोवती मी जुने पिवळे, गरम होणारे दिवे गुंडाळले होते, वर कापड टाकलं होतं. पण वीजच गेली. लाखो घरं अंधारात होती, झाडाच्या दिव्यांचं काय घेऊन बसणार.

वाडीतली (श्रीवर्धन) | २४ फेब्रुवारी २०२१

झुळूक, संपलं म्हणू नकोस. आमच्याकडे थंडीने नाही, पण पावसाळ्यात माडाला हेच होतं. त्याला कोंब कुजणे म्हणतात. मधला कोंब सुकतो, ओढला की निघतो, वास येतो. वेळेत लक्ष गेलं तर कुजलेला भाग स्वच्छ खरवडून काढायचा, आत बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) ओतायचं आणि कोंबात पावसाचं पाणी साचणार नाही असं बघायचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे लोकही एक टक्का बोर्डोच सांगतात. लवकर सापडलेले माड यातून उठलेले मी पाहिलेत. कूज खाली गाभ्यापर्यंत पोचली असेल तर मात्र उठत नाहीत.

गेल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतले कितीतरी माड आणि पोफळी आडव्या झाल्या. जे उभे राहिले त्यांच्या झावळ्या पिळवटून गेल्या होत्या, शेंडा एका बाजूला कललेला. पाहणीला आलेले म्हणत होते, हे पण काढून टाका. माझ्या दिरांनी ऐकलं नाही. ज्या माडांचा कोंब शाबूत होता त्यांनी पावसाळा संपेपर्यंत नवी झावळी बाहेर काढली. माड आहे की गेला ते कोंब सांगतो, बाकी कोणी सांगू शकत नाही.

झुळूक | २४ फेब्रुवारी २०२१

ताई, फार धीर आला. बोर्डो घरी कसं करायचं? की इथलं तयार कॉपर फंगिसाइड (तांब्याचं बुरशीनाशक) चालेल?

वाडीतली | २५ फेब्रुवारी २०२१

थोडंसंच लागणार, तर तयार मिळतं ते आण, डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात घे. घरी करायचं तर एक लिटर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या पाण्यात विरघळवायचे आणि मग ढवळत एकत्र ओतायचे. धातूचं भांडं नको. झाल्यावर लोखंडी सुरीचं पातं थोडा वेळ बुडवून बघ. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाल. ताजंच वापरायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. हातमोजे घाल.

रानवारा (सान अँटोनिओ) | २५ फेब्रुवारी २०२१

मी कोंबात ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ओततो, औषधाच्या दुकानात मिळतं तेच. फेस येतो, घाण वर येते, मग कोरडं होऊ द्यायचं. तांब्याचा मारा मला पटत नाही, त्याने कोवळा कोंब भाजतो.

ऊनसावली | २५ फेब्रुवारी २०२१

रानवारा, तुमची भीती अर्धी खरी आहे. तांबं पुनःपुन्हा ओतत राहिलं तर साचतं आणि कोंबाला बाधतं. म्हणून आमच्याकडे फ्लोरिडा विद्यापीठाचे लोक दोनच वेळा सांगतात : थंडी सरल्यावर लगेच एकदा आणि साधारण १० दिवसांनी दुसऱ्यांदा. मग बंद. पेरॉक्साइड साफसफाईला ठीक, पण ते काही वेळात विरून जातं, मागे राखण ठेवत नाही. थंडीने मेलेल्या पेशींवर नंतर जिवाणू आणि बुरशी बसतात आणि झाड बऱ्याचदा त्यांनीच मरतं. म्हणून आधी पेरॉक्साइडने स्वच्छ करा, कोरडं होऊ द्या, मग तांबं, असं दोन्ही करायला हरकत नाही. दोन्ही एकत्र मिसळू नका.

झुळूक, तुमचा पाम खरं तर झुडपासारखा, बुंध्याशी पिल्लं काढणारा आहे. मधला कोंब गेला तरी बाजूची पिल्लं येऊ शकतात. मुळं टिकली असतील तर आशा धरा.

उत्तररंग (डॅलस) | २६ फेब्रुवारी २०२१

आमच्याकडे उणे दोन फॅरनहाइट झालं, म्हणजे उणे १९ सेल्सियस. दारात विंडमिल पाम आहे. पानं करपलीत, पण कोंब हलत नाही, घट्ट आहे. थांबतोय. शेजाऱ्यांचा नीडल पाम मात्र बघण्यासारखा, त्याला जणू काही झालंच नाही.

रानवारा | २७ फेब्रुवारी २०२१

सगळ्यांना एकच "थांबा" सांगणं मला बरोबर वाटत नाही. जात बघून बोलायला हवं. माझ्या अनुभवाने आणि वाचनाने सांगतो, आकडे ढोबळ आहेत. नुसतं किती खाली गेलं एवढंच बघू नका, किती तास तिथे राहिलं तेही बघा.

क्वीन पाम २५ अंश फॅरनहाइटच्या आसपास करपतो आणि १५ ते २० फॅरनहाइटच्या दरम्यान बहुधा मरतो. म्हणून गवतफूल, तुमच्या क्वीनबद्दल मी फार आशा देणार नाही. पिग्मी डेट त्याहून नाजूक, तो कुंडीत असेल तर अशा रात्री घरातच हवा. उंच बारीक खोडाचा वॉशिंग्टोनिया रोबस्टा २० अंशांच्या आसपास करपतो, पंधराच्या आसपास जगला तर जगला. जाड खोडाचा फिलिफेरा जरा चिवट. नर्सरीत दोघांचा संकर सर्रास विकला जातो, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन झाडांत एक जगतं, एक मरतं. शिंदी २० अंशांपर्यंत बरी, खाली गेल्यास सांगता येत नाही. कॅनरी डेट तिच्याहून कणखर. पिंडो, सबाल पाल्मेटो आणि आपला टेक्सासचा सबाल मेक्सिकाना यांची काळजी करू नका, ते येतील. रोपटं असलेल्या सबालचा वाढीचा बिंदू तर जमिनीखाली असतो, त्याला मातीच राखते.

सॅगो हा पामच नाही, सायकॅड आहे, म्हणजे पामसारखं दिसणारं वेगळ्याच गटातलं झाड. त्याची पानं सगळी गेली तरी गड्डा टणक असेल तर उन्हाळ्याच्या तोंडावर नव्या पानांचा झुपका एकदम काढेल. घरात कुत्रं असेल तर जपा. सॅगोचे सगळेच भाग विषारी असतात, बिया तर जीवघेण्या.

आणि एक महत्त्वाचं. कॅनरी डेटच्या झावळ्या कोणाकडून काढून घेणार असाल तर त्याची करवत तुमच्यासमोर ब्लीचच्या पाण्यात बुडवून घ्यायला लावा. फ्युजेरियम बुरशीमुळे होणारी मर करवतीवरून एका झाडाहून दुसऱ्याला जाते आणि तिच्यावर औषध नाही. सध्या हे लोक एका दिवसात अख्खी गल्ली करतायत. थंडीतून वाचलेलं झाड करवतीने मरेल.

गवतफूल | २८ फेब्रुवारी २०२१

सगळ्यांचे मनापासून आभार. शिंदीचा कोंब ओढून बघितला, अगदी पक्का आहे. क्वीनपैकी एकाचा पक्का, दुसऱ्याचा निघून आला. वॉशिंग्टोनियाच्या शेंड्यापर्यंत माझा हात काय, शिडीही पोचत नाही. तिथे काय करायचं?

ऊनसावली | २८ फेब्रुवारी २०२१

उंच झाडाला काही करू नका. दुर्बीण असेल तर बघत राहा. माणूस चढवू नका. विशेषतः बुटांना खिळे लावून चढणारे असतील तर मुळीच नको. पामच्या खोडाला साल नसते, जखम भरून काढणारा थरही नसतो. पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्या खोडभर विखुरलेल्या असतात, खोड म्हणजे सुतळ्यांची मोळीच. त्यात खिळ्याने पडलेलं भोक झाड असेपर्यंत तसंच राहतं, आणि बुरशी तिथून आत शिरते.

जे कोंब हाताला येतात त्यांच्यासाठी सोपी खूण सांगतो. कोंबावर आणि त्याला लागून असलेल्या देठावर मार्करने एकच आडवी रेघ ओढा. दोन आठवड्यांनी बघा. कोंबावरची रेघ वर सरकलेली दिसली तर आत वाढ चालू आहे.

गवतफूल | १७ एप्रिल २०२१

शिंदीची रेघ चांगली चार बोटं वर गेलीय! पहिल्या क्वीनची जागची हललेली नाही. सॅगोच्या मधोमध तपकिरी लव आलेले कोंब दिसतायत.

पण कॉलनीच्या संस्थेची चिठ्ठी आलीय, "मृत झाडं ३० दिवसांत काढा". वॉशिंग्टोनियाही त्यात धरलाय.

रानवारा | १७ एप्रिल २०२१

भांडू नका, लेखी उत्तर द्या. झाड मेलेलं आहे हे अजून ठरलेलं नाही, पामला निदान जून-जुलैपर्यंत वेळ द्यावा लागतो, आणि गारठ्याचा काळ संपल्यामुळे वाळलेल्या झावळ्या तेवढ्या काढून घेत आहोत, असं लिहा. पूर्ण वाळलेल्या झावळ्या आता काढायला हरकत नाही. कोंबापर्यंत ऊन आणि हवा पोचेल, झाड नीटनेटकं दिसेल आणि त्यांचं समाधान होईल. काढणारा लिफ्टवरून काम करणारा बघा. हिरव्या पानांना हात लावू देऊ नका.

उत्तररंग | २ मे २०२१

विंडमिलने नवं पान काढलं. आखूड आहे, टोकं करपलेली, चुरगळलेलं. रोग आहे का?

ऊनसावली | २ मे २०२१

नाही. हे पान थंडीच्या वेळी शेंड्याच्या आत कोवळ्या अवस्थेत होतं, तेव्हाच त्याला मार बसला आणि आता ते बाहेर आलंय. पुढची काही पानं अशीच वेडीवाकडी येतील, हळूहळू सुधारतील. पुढे खोडावर त्या काळाची बारीक कंबर दिसेल, ती कायम राहील.

आता खत द्यायची वेळ आली. पण लॉनचं खत नको. नुसता नत्र जास्त झाला की पोटॅश आणखी कमी पडतं आणि जुनी पानं भराभर वाळतात. पामसाठीचं सावकाश विरघळणारं खत घ्या. ८-२-१२ (नत्र-स्फुरद-पोटॅश) आणि सोबत ४ टक्के मॅग्नेशियम, शिवाय मँगनीज, असं काहीसं मिश्रण. आळ्यात पसरून द्या, बुंध्याशी ढीग नको. गार मातीतून मुळांना सूक्ष्म अन्नद्रव्यं नीट घेता येत नाहीत, म्हणून नव्या पानांवर महिन्यातून एकदा त्यांची फवारणीही करा. पाणी बेताने. पानंच नाहीत तर झाड पाणी उडवत नाही, आणि रोजच्या पाण्याने मुळं कुजतात.

झुळूक | १९ मे २०२१

वाडीतली ताई, तौक्ते वादळाच्या बातम्या बघतेय. तुमच्याकडे सगळे सुखरूप आहात ना?

वाडीतली | २१ मे २०२१

सुखरूप आहोत गं, आज वीज आली. निसर्गासारखं नव्हतं या वेळी आमच्याकडे. थोड्या पोफळी गेल्या. तुझ्या झाडाचं काय?

झुळूक | २१ मे २०२१

मधला कोंब कायमचा गेला. पण बुंध्याशी तीन पिल्लं आलीयत, हिरवीगार!

गवतफूल | २० जून २०२१

फार वाईट वाटतंय. पहिल्या क्वीनने मे महिन्यात चक्क एक हिरवं पान काढलं होतं. घरात सगळ्यांना दाखवलं मी. ऊन तापल्यावर गेल्या आठवड्यात ते पान एकाएकी मान टाकून वाळलं. पाणी दिलं होतं, खत जेमतेम. असं का?

ऊनसावली | २० जून २०२१

हे फार क्लेशदायक असतं, मी बऱ्याच बागांत बघितलंय. थंडीने फक्त शेंड्याला नाही, खोडातल्या नळ्यांनाही मार बसलेला असतो. मेलेल्या नळ्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत. वसंतात हवा सौम्य असते, उरलेल्या थोड्या नळ्यांवर एखादं पान निघतं. मग ऊन चढतं, पान जितकं पाणी उडवतं तितकं खोडातून वर येत नाही, आणि पान कोसळतं. यात पाणी वाढवून उपयोग नसतो. मातीत ओल असतेच, वर चढायला वाट नसते.

खोडावर ठोकून बघा. पोकळ, मऊ आवाज येतोय का, कुठे बोट दाबलं तर खचतंय का, काळपट रस झिरपतोय का.

गवतफूल | २२ जून २०२१

एका बाजूला छातीच्या उंचीवर बोट खचतंय. रसही आहे.

रानवारा | २२ जून २०२१

मग ते झाड काढायची वेळ आली. खोड कुजायला लागलेला पाम पूलपाशी उभा ठेवणं धोक्याचं आहे. वाऱ्याची वाट न बघता त्याचा अख्खा शेंडा खाली येऊ शकतो, आणि पुढे ह्यूस्टनला चक्रीवादळांचे दिवस आहेत. फेब्रुवारीत मी आशा नाही म्हणालो होतो, पण तुम्ही त्याला संधी दिलीत याचा मला आनंद आहे. तुम्ही थांबलात म्हणूनच शिंदी आज उभी आहे.

आमच्या सान अँटोनिओत रस्त्यांच्या कडेला रोबस्टा ओळीने मेलेले आहेत, शेंड्यावर काही नाही, नुसती खोडं. मधूनच एखादा हिरवा. आणि त्याच रस्त्यावर सबाल एकूण एक जिवंत.

वाडीतली | २३ जून २०२१

गवतफूल, वाईट वाटून घेऊ नको. तू झाडासाठी करायचं ते सगळं केलंस.

गवतफूल | १ ऑगस्ट २०२१

दोन्ही क्वीन काढले. वॉशिंग्टोनियाच्या शेंड्यावर जुलैच्या सुरुवातीला हिरवा तुरा दिसला, आता चार-पाच पंखे उघडलेत. संस्थेला फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं की हरकत नाही. शिंदीची नवी पानं पूर्ण लांबीची यायला लागलीत. सॅगो सगळे परतले. पिग्मी डेट गेले.

क्वीनच्या जागी काय लावू? सावली नको, पण पूलपाशी पाम हवाच.

रानवारा | १ ऑगस्ट २०२१

सबाल मेक्सिकाना, डोळे मिटून. रिओ ग्रँडच्या खोऱ्यातला, इथल्याच मातीचा. वाढायला हळू आहे, म्हणून परवडेल तेवढा मोठा घ्या. झावळीसारखी पिसांची पानं हवी असतील तर पिंडो. त्याची फळंही खाता येतात, आंबटगोड. लावायचा तर आत्ताच, माती तापलेली असताना, म्हणजे हिवाळ्याआधी मुळं धरतील.

माळरान (शुगरलँड) | २२ जानेवारी २०२५

जुना धागा वर काढतोय. काल ह्यूस्टनमध्ये चक्क काही इंच बर्फ पडलं. माझ्या सबालच्या झावळ्या बर्फाच्या वजनाने वाकल्यात आणि शेजारी क्वीन आहे. झटकू का? गरम पाणी ओतू का?

गवतफूल | २२ जानेवारी २०२५

गरम पाणी अजिबात नको. भुसभुशीत बर्फ असेल तर झाडूने खालून वर हलकेच उचलून पाडा. चिकटून गोठलं असेल तर तसंच राहू दे, आपोआप वितळेल, ओढलंत तर झावळी मोडेल. सबालला या थंडीने काही होणार नाही. क्वीनला कापडाने झाकलं असेल तर दिवसा उघडा. प्लास्टिक असेल तर आत्ताच काढा, पानाला टेकलेलं प्लास्टिक जास्त करपवतं. मग आठवड्याभराने कोंब ओढून बघा आणि इथे लिहा. तोवर करवत आणणाऱ्या कोणालाही हो म्हणू नका.

माळरान | २२ जानेवारी २०२५

कळलं. प्लास्टिकच आहे, काढायला जातो.